कोर्स फुकट, पण वेळ?



'स्वयम'वर सगळं फुकट मिळतं, तरी शिकत नाही तो आळशी, असं म्हणणारे आपल्या मंडळींत बरेच आहेत. मला हे पटत नाही. मुसफ्फातली नोकरी सांभाळून मी मोहम्मद बिन झायद सिटीतल्या खोलीवर प्राथमिक रसायनशास्त्राचा ऑनलाइन कोर्स करतो आहे. भारतातले रात्रीचे ११.५९ म्हणजे आमचे १०.२९. ओव्हरटाइमची बस त्याआधी पोचेलच असं नाही.

एनपीटीईएलच्या १२ आठवड्यांच्या कोर्सात १२ पैकी सर्वोत्तम ८ गृहपाठ धरतात. नियम चांगलाच, पण मार्कांपुरता. १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, हे चार गणितं हाताने सोडवल्याशिवाय डोक्यात बसत नाही. आणि नेमका तोच आठवडा हुकला तर पुढची मोलॅरिटी, टायट्रेशन सगळं डोक्यावरून जातं. (इतिहासाचं राहिलेलं प्रकरण मागाहून वाचता येतं, हे त्यातलं नाही.) म्हणून मोलनंतर एक आठवडा कोरा ठेवावा, असं माझं मत आहे. राहिलेलं भरून काढायला, नवीन काही नको.

तोवर आपल्यातल्या निवृत्त शिक्षकांनी रविवारी तासभर ऑनलाइन यावं. व्याख्यान नको, फक्त गणितं सोडवून घ्या.