निनावी कथेचे गुण

मराठी विज्ञान परिषदेनें १९७४ सालीं विज्ञानकथांची स्पर्धा घेतली, तेव्हां तींत नारायण विनायक जगताप ह्या अपरिचित गृहस्थाची 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला पहिलें पारितोषिक मिळालें. हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर, हें पुढें उघड झालें. ज, वि, ना हीं आपलीं आद्याक्षरें उलट क्रमानें मांडून त्यांनीं हें नांव सिद्ध केलें होतें. विलोमकाव्यांचा नाद असलेल्या आमच्यासारख्या संस्कृताध्यापकास ह्या युक्तीचें कौतुक वाटल्यावांचून कसें राहील? एवढ्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. अक्षर ओळखूं येईल म्हणून कथेची प्रत त्यांनीं पत्नी मंगलाबाईंकडून लिहवून घेतली. कथेचा आरंभ, त्यांनींच सांगितल्याप्रमाणें, अहमदाबादच्या एका परिसंवादांत, कंटाळवाणें व्याख्यान चाललें असतां झाला. (वर्गांत मागल्या बाकावर कांहीं तरी लिहीत बसणाऱ्या मुलांची वही आम्ही कधीं जप्त केली नाहीं, ती अशाच आशेनें.)

हा सारा खटाटोप कशासाठीं? नारळीकरांस पद्मभूषण १९६५ सालींच मिळालें होतें. अशा नांवाची कथा पुढें आली म्हणजे परीक्षक कथेस गुण देतात कीं पद्मभूषणास, हें परीक्षकासही सांगतां येणार नाहीं. पुढल्याच वर्षीं कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनांत अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनीं ह्या नव्या कथेची दखल घेतली. २०२१ च्या डिसेंबरांत आमच्या नाशकांत ९४ वें संमेलन भरलें, त्याचे अध्यक्ष नारळीकरच होते. मात्र प्रकृतीमुळें ते येऊं शकले नाहींत. २०२५ च्या मे महिन्यांत ते निवर्तले, तेव्हां आम्हांस त्यांच्या ग्रंथांहून आधीं हे जगतापच आठवले.

यंदां पावसाळ्यांत आमच्या आप्तमंडळींनीं फोनवरून एक कथास्पर्धा मांडली, तेव्हां आम्ही हाच दाखला पुढें केला. कथा शंभर शब्दांची; अशा कथेस हल्लीं 'अलक', म्हणजे अति लघु कथा, म्हणतात. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी जुन्या पंडितांची ख्याति आहे. त्यांस ही स्पर्धा मानवली असती. प्रत्येकानें आपली सोडून इतर सर्व कथांस दहांपैकीं गुण द्यावयाचे. नांवें झांकावीं असा आम्हीं आग्रह धरला, कारण वडीलधाऱ्यांच्या कथेस घरांत पांचाहून कमी गुण कोण देणार? कथा एका भाचीकडे पाठवाव्या, तिनें त्या नांवें काढून सर्वांस धाडाव्या, असें ठरलें.

विषय होता 'पूर'. चौदा कथा आल्या. नांवें झांकलीं तरी गांवें कांहीं झांकलीं नव्हतीं! सांगलीकडच्या कथेंत आयर्विन पूल, पुण्याकडच्या कथेंत १२ जुलै १९६१ चें पानशेत. नाशिककरांच्या चारही कथांत दुतोंड्या मारुति होता. त्यांचा दोष नाहीं. गोदावरीचें पाणी फुटांत मोजण्याची आम्हांस सवयच नाहीं. मारुतीच्या गुडघ्यास लागलें, कमरेस लागलें, गळ्याशीं आलें, असेंच आम्ही एकमेकांस विचारतों.

सातवी कथा वाचतांना मात्र आम्ही थबकलों. वाड्यांत पाणी शिरलें आहे. धाकटा भाऊ म्हाताऱ्या आईस पाठीवर घेऊन जिना उतरतो. आई विचारते, "थोरला कुठें आहे?" धाकटा म्हणतो, "पोथ्या काढतोय." पाण्यांतून चालतांना आई पुनः पुनः तेंच विचारते, आणि तो तेंच उत्तर देतो. पुढें अनेक वर्षें त्या घरांत पुराची गोष्ट निघाली कीं पोथ्या कशा वांचल्या, हेंच सांगितलें जातें. कथा येथें संपते.

हा वाडा सराफ बाजारालगतचा आमचा, आणि हा पूर २००८ च्या सप्टेंबरांतला. "तूं बळकट आहेस, आईस तूं ने," असें आम्हींच धाकट्यास सांगितलें होतें, आणि आई सुखरूप पलीकडे पोंचल्याचें कळल्यावरच आम्हीं पोथ्यांची शेवटची पेटी उचलली. कथेंत ह्यांतलें कांहीं नव्हतें. शंभर शब्दांत तें बसलेंही नसतें. शिवाय ती कथा होती. तींतल्या थोरल्यास आमचें नांव कोणीं दिलें नव्हतें. नांवें झांकण्याचा आग्रह आमचाच. तेव्हां कोणी लिहिलें हें ठाऊक असल्याप्रमाणें गुण देणें हा नियमभंग झाला असता. आईचा प्रश्न दोन वेळां आला आहे, एकदांही खुलासा नाहीं, आणि लेखक कोठेंही रडत नाहीं. आम्हीं नऊ गुण दिले. एक कापला तो 'पोथि' असें एके ठिकाणीं ऱ्हस्व लिहिल्याबद्दल.

पानशेतची कथा पहिली आली, सातवी दुसरी. आमची पांचवी. नांवें उघड झालीं त्या दिवशीं आप्तांनीं फोनवर अभिनंदनें केलीं. त्या वाड्याविषयीं कोणीं अक्षर काढलें नाहीं. रविवारीं बंधु नेहमींप्रमाणें चहास आले. स्पर्धेची गोष्ट निघाली नाहीं. पावसाची निघाली, गंगापूरच्या धरणाची निघाली. चहा झाल्यावर त्यांनीं विचारलें, "दादा, त्या पोथ्या सध्यां असतात कुठें?" आम्हीं कपाट उघडून दाखविलें. वाळवी लागूं नये म्हणून प्रत्येक बासनांत वेखंड ठेविलेलें आहे. त्यांनीं दोन बासनें सोडून पाहिलीं, बराच वेळ पाहिलीं, आणि आईच्या नित्यपाठाची लहानशी पोथी पिशवींत घालून ते घरीं गेले.