गोळीला तिची मुदत द्या

नैराश्यावरची गोळी दोन आठवडे घेतली आणि फरक पडला नाही, तर ती बदलायलाच हवी, असे आपल्याकडे बहुतेकांना वाटते. ‘डॉक्टर, ही लागू पडत नाही, दुसरी लिहून द्या,’ ही मागणी मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात रोजची आहे. ती मान्य झाली नाही, तर डॉक्टरच बदलला जातो. या मागणीमागचा त्रास खरा आहे. रात्र रात्र डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाला ‘आणखी महिनाभर थांबा’ हे शब्द निर्दय वाटणारच. तरीही ही मागणी बहुतेक वेळा रुग्णाचेच नुकसान करते, असे माझे ठाम मत आहे.

मागणी करणाऱ्यांचा पहिला दाखला तापाच्या गोळीचा असतो. ताप तासाभरात उतरतो, मग मनाच्या औषधाला इतके दिवस का? एस्सिटालोप्रॅम किंवा सर्ट्रालिन पोटात गेल्यावर मेंदूतल्या सेरोटोनिनवर काही तासांतच परिणाम होतो. मन मात्र त्या वेगाने सावरत नाही. पहिला उतार दिसायला दोन ते चार आठवडे जातात, आणि औषधाचा निकाल लावायचा तर पुरेशा डोसवर सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. अमेरिकेत चार हजार रुग्णांवर झालेल्या ‘स्टार-डी’ या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पहिल्याच औषधाने ज्यांचे नैराश्य गेले, त्यांना त्यासाठी सरासरी सुमारे सात आठवडे लागले होते. पंधराव्या दिवशी गोळी बदलली असती, तर त्यांतल्या कित्येकांच्या नावापुढे ‘उपयोग नाही’ असेच लिहिले गेले असते.

त्यात या औषधांचा त्रास आधी येतो आणि गुण मागून. मळमळ, जड डोके, जिवाची उलघाल हे सगळे बहुधा पहिल्या आठवड्यातच सुरू होते आणि पुढे ओसरते. सतत गोळ्या बदलणाऱ्याच्या वाट्याला प्रत्येक औषधाचा त्रासाचा आठवडा तेवढा येतो. गुण यायच्या सुमारास तो पुढच्या गोळीच्या मळमळीत असतो. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन एकदम तोडले, तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके बसतात. घरच्यांना वाटते, आजार उलटला, नाहीतर नवी गोळी बाधली. फ्लुओक्सेटिनची गोष्ट उलटी. ते बंद केल्यावरही त्याचा अंश कित्येक आठवडे शरीरात राहतो आणि त्याने आलेल्या उताराचे श्रेय पुढच्या गोळीला मिळते. अशा गोंधळात नेमके काय लागू पडले, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांच्या गटात एका मावशींनी मुलाची फाइल माझ्यापुढे ठेवली. ‘इतकी औषधं झाली, एकाचाही गुण नाही,’ त्या म्हणाल्या. आम्ही चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या. सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅम, बारा दिवस. एस्सिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅम, दहा दिवस. मिर्टाझापिन साडेसात, आठवडाभर. त्यानंतरच्या चिठ्ठीवर दुसऱ्याच डॉक्टरांचे नाव. सर्ट्रालिनचा उपचाराचा डोस मोठ्या माणसात साधारण ५० पासून सुरू होतो, एस्सिटालोप्रॅमचा १० पासून. एकाही औषधाची खरी परीक्षा झालीच नव्हती, आणि प्रत्येकाला नापास ठरवून झाले होते. पुढचा डॉक्टर घाईत अशी यादी वाचतो, साधी औषधे वापरून संपली असे धरतो आणि अधिक जड औषधांकडे वळतो. मुलगा स्वतःला असाध्य समजू लागतो. मला सगळ्यात जास्त खुपते ते हेच.

बायपोलर आजारात तर घाई आणखी महागात पडते. लॅमोट्रिजिन अंगावर गंभीर पुरळ उठू नये म्हणून पहिले दोन आठवडे २५ मिलिग्रॅम आणि पुढचे दोन आठवडे ५० असे हळूहळू चढवतात. आठवडाभर खंड पडला, की पुन्हा पहिल्या पायरीवर. लिथियम एकदम थांबवले, तर झटका परत येण्याचा धोका वाढतो.

आता प्रतिपक्षाचा वजनदार मुद्दा. गुण नसताना तीच चिठ्ठी वर्षानुवर्षे पुढे ओढणारे डॉक्टर आहेत, आणि तिथे रुग्णाने बदल मागितलाच पाहिजे. स्टार-डीमध्येच पहिले औषध फसल्यावर ते बदललेल्यांपैकी साधारण चौघांतला एक बरा झाला. पूर्ण मुदतीनंतरचा बदल हा उपचारच आहे. काही वेळा तर मुदत पाहायचीच नसते. पुरळ उठले, जीव द्यायचे विचार वाढले, झोपेविना उत्साह उतू जाऊ लागला किंवा क्लोझापिनवर असताना ताप आणि घसादुखी आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. दोन-तीन आठवड्यांत तसूभरही फरक नसेल, तरीही त्यांना जरूर सांगावे; त्यावर बहुधा डोस वाढवणे हे पहिले पाऊल असते.

गोळी बदलण्याचा मोह बऱ्याचदा घरच्यांना होतो. आपले माणूस खंगताना पाहवत नाही आणि काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही. मग करण्यासारखे बरेच आहे. गोळी रोज खरोखर पोटात जाते का, की उशीखाली जमते? थायरॉइड तपासले का? दारू चालू आहे का? मळमळीसाठी गोळीची वेळ बदलून चालेल का? नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली दर रविवारी भरून ठेवली, तर एका वाईट रात्रीवरून औषधाचा निकाल लागत नाही. झोप सुधारली, जेवण वाढले, पण मन अजून उदास आहे, हे कागदावरच दिसते.

आणि पहिली चिठ्ठी हातात पडताच डॉक्टरांना विचारावे: हा डोस कुठवर नेणार, कोणत्या तारखेपर्यंत वाट पाहायची, तोवर काय काय दिसायला हवे, काय झाले तर लगेच यायचे? उत्तर चिठ्ठीच्या पाठीवर लिहून घ्यावे. संकोच वाटण्याचे कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचाराची दिशा आणि औषधांचे ज्ञात दुष्परिणाम आपल्याला समजेल अशा भाषेत जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे.