विश्लेषण : घर मालकाचे, चावी कंपनीकडे, फ्रान्सच्या ‘लीजबॅक’ घरांचे भाडे का थकते?

आल्प्समधल्या स्की रिसॉर्टजवळ किंवा भूमध्य समुद्रालगत छोटासा फ्लॅट घ्यायचा. वर्षातले दोन-चार आठवडे स्वतः राहायचे, उरलेले वर्ष तो एक कंपनी पर्यटकांना देणार. खोली रिकामी राहिली तरी ठरलेले भाडे मालकाच्या खात्यात जमा होणार, तेही किमान ९ वर्षे. या भरवशावर फ्रेंच नोकरदारांनी, तसेच अनेक ब्रिटिश आणि आयरिश मध्यमवर्गीयांनी कर्ज काढून असे फ्लॅट घेतले. पुढे अनेकांचे भाडे कमी झाले, थकले किंवा पूर्ण बंद पडले. हप्ते मात्र सुरूच राहिले. याचे खापर मंदीवर फोडणे सोपे आहे. पण दोष योजनेच्या रचनेतच आहे.

लीजबॅक म्हणजे काय?

बिल्डरकडून पर्यटक निवासातला नवा फ्लॅट विकत घ्यायचा आणि त्याच वेळी तो चालक कंपनीला व्यापारी भाडेकराराने द्यायचा, म्हणजे लीजबॅक. सरकारी तिजोरीतून हॉटेले न बांधता पर्यटकांसाठी खोल्या वाढाव्यात, म्हणून फ्रान्सने खरेदीवरचा व्हॅट परत देण्याची सवलत ठेवली. हा व्हॅट आधी १९.६ टक्के होता, २०१४ पासून २० टक्के आहे. एवढी रक्कम परत मिळतेय म्हटल्यावर फ्लॅटची मूळ किंमत फुगवलेली आहे का, हे अनेकांनी तपासलेच नाही.

‘हमखास’ भाडे येते कुठून?

हा प्रश्न खरेदीच्या वेळी विचारायचा असतो. भाडे पर्यटकांकडून आलेल्या कमाईतून निघायला हवे. अनेक प्रकल्पांत मात्र बिल्डरच चालक कंपनीला सुरुवातीची काही वर्षे आर्थिक टेकू देत असे आणि तो खर्च फ्लॅटच्या किमतीतून वसूल करत असे. म्हणजे मालकाला मिळणाऱ्या भाड्यातला काही वाटा त्याच्याच खिशातून आलेला! टेकू संपला की खरी कमाई उघडी पडते आणि कंपनीचे पत्र येते: भाडे कमी करा, नाहीतर आम्हाला निवास चालवणे परवडणार नाही. लोणावळा किंवा गोव्यातल्या ‘अशुअर्ड रेंटल’ सेकंड होमच्या जाहिराती वाचतानाही हाच प्रश्न मनात ठेवायला हरकत नाही.

भाडे थकवणाऱ्याला बाहेर का काढता येत नाही?

फ्रान्समधल्या व्यापारी भाडेकराराच्या संरक्षणाचे मूळ ३० सप्टेंबर १९५३ च्या अध्यादेशात आहे. हेतू चांगला होता. वर्षानुवर्षे राबून गिऱ्हाईक जोडणाऱ्या बेकरीवाल्याला घरमालकाने एका फटक्यात रस्त्यावर आणू नये, म्हणून मुदत संपल्यावरही भाडेकरूला नूतनीकरणाचा हक्क मिळाला. मालकाला नूतनीकरण नको असेल तर त्याने नुकसानभरपाई द्यायची. हेच कवच पर्यटक निवास चालवणाऱ्या कंपन्यांनाही मिळाले. इथे शेकडो फ्लॅट हाताळणारी कंपनी ‘दुबळी भाडेकरू’ ठरते आणि एका खोलीच्या फ्लॅटचे कर्ज फेडणारी शिक्षिका ‘बलाढ्य मालक’!

महाराष्ट्राने हा फरक ओळखला होता. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना भाडेकरू म्हणून मिळणाऱ्या संरक्षणातून वगळले. पागडीच्या खोलीत राहणारे कुटुंब आणि मोठी कंपनी यांना एकाच तराजूत तोलायचे नाही, हा त्यामागचा विचार. फ्रान्सने २००९ मध्ये एक दुरुस्ती केली. त्याआधी चालक कंपनीला दर ३ वर्षांनी करारातून बाहेर पडता येत असे. पर्यटक निवासांच्या करारांत ती पळवाट बंद झाली. मुख्य असमतोल मात्र तसाच राहिला.

भाडे थकले तर नोटीस बजावून एक महिन्याने करार संपवण्याचा मार्ग कायद्यात आहे. पण तिथे व्हॅटची फास आवळते. ही सवलत पूर्णपणे पदरात पडायला २० वर्षे लागतात. समजा फ्लॅट २ लाख युरोंचा आणि परत मिळालेला व्हॅट ४० हजार युरो. ९ वर्षांनी मालक योजनेतून बाहेर पडला, तर उरलेल्या ११ वर्षांचे २२ हजार युरो सरकारला परत द्यावे लागतात. ते टाळायचे तर नवा चालक शोधायचा आणि न्याहारी, साफसफाई, चादरी-टॉवेल, स्वागतकक्ष यांपैकी किमान तीन सेवा सुरू ठेवायच्या. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे. त्यातच अनेक निवासांत स्वागतकक्ष किंवा पोहण्याचा तलाव मालकांच्या ताब्यात नसतो, तो बिल्डरचा किंवा त्याच कंपनीचा असतो.

कोविडमध्ये काय घडले?

मार्च २०२० मध्ये निवास बंद झाले. १९६७ मध्ये आल्प्समधल्या आव्होरियाझपासून सुरू झालेल्या ‘पिएर ए व्हाकांस’ या बड्या समूहानेही मालकांचे भाडे रोखले. थकबाकीतला काही भाग सोडून द्या, बदल्यात सुट्टीची कुपने घ्या, असाही प्रस्ताव मालकांपुढे आला. बँकेचा हप्ता कुपनाने भरता येत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. ३० जून २०२२ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की बंदीच्या काळातलेही व्यापारी भाडे द्यावेच लागेल. निकाल स्वागतार्ह होता. पण तोवर दोन वर्षे उलटली होती आणि अनेकांनी तडजोडीवर सह्या करून टाकल्या होत्या.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर?

कंपनीवर न्यायालयीन प्रक्रिया सुरू झाली की आधीच्या थकबाकीसाठीचे वैयक्तिक दावे थांबतात. कामगारांचे पगार, सरकारी देणी आणि तारण असलेल्या बँका रांगेत पुढे. तारण नसलेला फ्लॅटमालक मागे. येणारी नवी कंपनी बहुधा कमी भाड्याचाच करार पुढे करते. अशा वेळी सर्व मालकांनी एकत्र येऊन एकच वकील नेमणे आणि वाटाघाटी एकत्रच करणे, हाच त्यातल्या त्यात उपयोगी पडणारा मार्ग आहे.

आपला दावा मात्र प्रत्येकाने मुदतीत नोंदवायचा असतो. सरकारी सूचनापत्रात नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून २ महिन्यांत, आणि फ्रान्सबाहेर राहणाऱ्यांनी ४ महिन्यांत. नोटीस फ्रेंचमध्ये असते. मुदत चुकली आणि न्यायालयाने उशीर माफ केला नाही, तर वाटपात त्या मालकाचे नावच नसते.