मठातले पाहुणे

प्रॉटेस्टंट लेखकाने कॅथलिक मठात जाऊन काही आठवडे राहावे, पहाटेच्या प्रार्थनेची घंटा ऐकावी, संन्याशांच्या मागच्या बाकावर बसून स्तोत्रे म्हणावीत आणि परत आल्यावर त्यावर पुस्तक लिहावे, हा आता स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणावा इतका रुळला आहे. रिचर्ड फॉस्टर या क्वेकर लेखकाने १९७८ च्या 'सेलिब्रेशन ऑफ डिसिप्लिन'मधून मौन, उपवास, एकांत ही जुनी साधने अमेरिकेतील प्रॉटेस्टंट वाचकांच्या घरात नेली. कॅथलीन नॉरिस या कवयित्रीचे 'द क्लॉइस्टर वॉक' १९९६ मध्ये आले आणि या प्रकाराला त्याचे सर्वांत देखणे पुस्तक मिळाले. त्यानंतरच्या बऱ्याच पुस्तकांचा साचा तोच आहे. नॉरिसबाईंचे गद्य मात्र त्यांच्यात नाही.

आमचा आक्षेप या ओढीला नाही. प्रवचनावर आणि केवळ प्रवचनावर वाढलेल्या माणसाला मौनाची तहान लागावी, हे स्वाभाविक आहे. आक्षेप आहे तो या ओढीभोवती जमलेल्या एका गोड समजुतीला. सिद्धान्त माणसे तोडतात, मौन माणसे जोडते. मठाच्या दाराशी पंथभेद गळून पडतात. आत एकच निखळ अध्यात्म शिल्लक राहते, अशी ती समजूत. आम्हा मराठी शिकवणाऱ्यांना ती फार लवकर पटते, कारण 'सगळे संत शेवटी एकच सांगतात' हे वाक्य आमच्या वर्गांत इतक्यांदा उच्चारले गेले आहे की त्याचा पुरावा मागायचा असतो, हेच आम्ही विसरलो आहोत.

मठ म्हणजे मौन नव्हे, हे प्रथम स्पष्ट करायला हवे. पाश्चात्त्य मठजीवनाचा पाया असलेली संत बेनेडिक्टची नियमावली सहाव्या शतकातली आहे. तिची प्रकरणे त्र्याहत्तर. मौनाला त्यांत मानाची जागा आहे. परंतु त्याच्या आधीचे, पाचवे प्रकरण आज्ञापालनाचे आहे. अठ्ठावन्नाव्या प्रकरणात नवागताने काय कबूल करायचे ते सांगितले आहे: त्याच एका मठात आमरण राहणे, जगण्याची रीत पालटणे आणि आज्ञा पाळणे. मौन हे या कबुलीच्या पोटातले आहे. ते वेगळे काढून घरी नेता येते का, हाच खरा प्रश्न आहे. गंमत अशी की, या प्रश्नाची चाहूल बेनेडिक्टला पहिल्याच प्रकरणात लागली होती. संन्याशांचे चार प्रकार सांगताना तो सर्वांत कठोर शब्द राखून ठेवतो ते भटक्यांसाठी: आज या मठात तीन दिवस, उद्या त्या मठात चार दिवस, कोठेच न टिकणारे आणि सदैव स्वतःच्याच इच्छेचे दास असलेले. पाहुण्यांविषयी मात्र तो विलक्षण उदार आहे. पाहुण्याचे स्वागत साक्षात ख्रिस्ताचे म्हणून करावे, असा त्रेपन्नाव्या प्रकरणाचा दंडक आहे. पाहुणा हा पाहुणा म्हणून पूज्यच आहे. त्याने स्वतःला संन्यासी समजू नये, इतकेच.

आता दुसरी बाजू. ल्यूथर स्वतः १५०५ मध्ये एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झालेला माणूस. त्याने १५२१ मध्ये मठातील व्रतांविरुद्ध स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि १५२५ मध्ये काथारीना फोन बोरा या मठ सोडून आलेल्या जोगिणीशी लग्न केले. त्याचा आक्षेप मठांतील भ्रष्टाचारापुरता असता तर तो आज निकालात निघाला असता. तो मुळावरच होता. आजन्म व्रताने माणूस देवाच्या अधिक जवळ जातो असे मानले, की कृपेच्या जागी कर्तृत्व येते आणि ख्रिस्ती माणसांत दोन श्रेणी पडतात: वरची व्रतस्थांची, खालची संसाऱ्यांची. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाचे सत्ताविसावे कलम याच विषयावर आहे. हा आक्षेप मान्य असो वा नसो, त्याला उत्तर द्यावे लागते. मठातून ताजेतवाने होऊन परतणारा प्रॉटेस्टंट लेखक बहुधा उत्तर देत नाही. तो ल्यूथरचा उल्लेखच टाळतो.

नॉरिसबाईंवर अन्याय होऊ नये म्हणून थोडे थांबतो. त्या साउथ डकोटातील लेमन या आजीच्या गावी परतल्या, तेथील प्रेसबिटेरियन मंडळीत राहिल्या आणि एका बेनेडिक्टाइन मठाच्या ऑब्लेट झाल्या. ऑब्लेट म्हणजे व्रते न घेता, संसारात राहून मठाच्या नियमाशी स्वतःला जोडून घेणारी व्यक्ती. मिनेसोटातील सेंट जॉन्स मठाच्या परिसरातील त्यांचे दीर्घ वास्तव्य 'द क्लॉइस्टर वॉक'मध्ये उपासना-वर्षाच्या क्रमाने येते. स्तोत्रांतला संताप, सूडाची भाषा रोज मोठ्याने म्हणावी लागली की माणसाचे काय होते, यावरची त्यांची पाने आम्हाला अस्सल वाटतात. त्या पर्यटक नाहीत. तरीही जेथे पुस्तकाने अडखळायला हवे होते तेथे ते सफाईने पुढे सरकते. आज्ञापालनाविषयी त्या आदराने लिहितात, पण तो आदर पाहणाऱ्याचा आहे. मठाधिपतीने 'हे लेखन थांबव' म्हटले असते तर काय, हा प्रश्न त्या पुस्तकाला पडू शकत नाही. आणि मठातल्या माणसाला तो कोणत्याही सकाळी पडू शकतो. थॉमस मर्टन या ट्रॅपिस्ट संन्याशाला तो पडला. युद्धविरोधी लेखन प्रसिद्ध करण्यास संघाच्या वरिष्ठांनी १९६२ मध्ये मनाई केली आणि त्याने ती, कुरकुरत का होईना, मानली.

मग येते पंगत. प्रॉटेस्टंट पाहुणा मठात स्तोत्रे म्हणू शकतो, मौन पाळू शकतो, भोजनगृहात जेवू शकतो. मिस्सेच्या वेळी, पवित्र भाकर वाटली जाते त्या क्षणी, तो सामान्यतः जागेवरच बसून राहतो. कॅथलिक धर्मसंहितेचे ८४४ वे कलम काही अपवाद सोडता त्याला ते घेऊ देत नाही. मराठी वाचकाला येथे चटकन पंक्तिभेद आठवेल. परंतु ही तुलना फार ताणू नये. येथे प्रश्न जन्माचा नाही, संमतीचा आहे. ती भाकर स्वीकारणे म्हणजे तिच्याविषयीची आणि ती देणाऱ्या अधिकाराविषयीची एक विशिष्ट श्रद्धा मान्य करणे, असे कॅथलिक चर्च समजते. तुम्ही ते मान्य करत नाही, म्हणून ती तुम्हाला देत नाही. हे दुखते आणि दुखायलाच हवे. हे दुखणे 'मौनात आम्ही एक झालो' या वाक्याखाली झाकणे हाच आमच्या मते या वाङ्मयप्रकाराचा मूळ अप्रामाणिकपणा आहे.

किंमत मोजणारेही होतेच. स्वित्झर्लंडच्या रिफॉर्म्ड परंपरेतले रोजे शुट्झ १९४० मध्ये फ्रान्समधील तेझे या खेड्यात आले आणि १९४९ च्या ईस्टरला त्यांच्यासह सात जणांनी ब्रह्मचर्य, सामाईक मालमत्ता आणि अधिकाराचा स्वीकार यांची आजन्म प्रतिज्ञा केली. ल्यूथरने मोडलेली गोष्ट प्रॉटेस्टंटांनी पुन्हा जोडली, तीही अर्धी नव्हे. ८ एप्रिल २००५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांच्या अंत्यविधीत, व्हीलचेअरवर बसलेल्या ब्रदर रोजे यांना कार्डिनल रात्सिंगर यांनी स्वहस्ते पवित्र भाकर दिली. साऱ्या जगाने ते पाहिले. त्याच वर्षी १६ ऑगस्टला सायंप्रार्थनेत एका मनोरुग्ण स्त्रीने त्यांची हत्या केली. मग २००६ मध्ये वाद पेटला: ते १९७२ सालीच गुपचूप कॅथलिक झाले होते का? तेझेच्या बंधूंनी ठाम नकार दिला. रोजे यांचे स्वतःचे म्हणणे असे होते की, आपल्या मूळ श्रद्धेचा आणि कॅथलिक श्रद्धेचा मेळ त्यांनी कोणाशीही संबंध न तोडता स्वतःत घातला आहे. आम्हाला हे म्हणणे तर्काने पटत नाही. पण ते म्हणण्याचा अधिकार त्यांनी पासष्ट वर्षे एकाच खेड्यात राहून मिळवला होता, हे नाकारता येत नाही.

बोनहोफर यांचीही वाट अशीच. १९३५ मध्ये इंग्लंडमधील मर्फील्ड आणि केलॅम येथील अँग्लिकन संन्यासी संघ पाहून ते जर्मनीत परतले, फिंकेनवाल्डे येथे पाळकांची विद्यालयशाळा चालवू लागले आणि तेथे रोजच्या ध्यानाचा नियम घातला. ल्यूथरन विद्यार्थी कुरकुरले. त्याच माणसाने १९३७ च्या 'नाखफोल्गे'त ल्यूथरने मठ का सोडला, याचे कडवे समर्थन केले. ओढ आणि आक्षेप एकाच लेखणीत, दोन्ही पूर्ण ताकदीने.

परंतु या विषयातला सर्वांत लख्ख दस्तऐवज आमच्या घरात आहे आणि आम्ही तो शिकवत नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वाँटेजच्या 'कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन' या भगिनीसंघाकडे. हा संघ कॅथलिक नव्हता. इंग्लंडमधील मठ आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मोडून काढले; ऑक्सफर्ड चळवळीच्या लाटेत तीन शतकांनी अँग्लिकनांना त्या जगाची पुन्हा ओढ लागली आणि १८४८ मध्ये हा संघ उभा राहिला. म्हणजे रमाबाई ज्या घरात उतरल्या ते घरच या ओढीचे अपत्य होते. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा तेथे बाप्तिस्मा झाला.

त्यानंतरचा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. रमाबाई सिस्टरना 'आजीबाई' म्हणत. प्रेमाचा प्रश्नच नव्हता. भांडण अधिकाराचे होते. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात पुरुषांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत का मानायचे? ज्या पंथवचनाचा आधार बायबलमध्ये आपल्याला सापडत नाही, ते पुरोहिताच्या शब्दावर का स्वीकारायचे? क्रुसावरची अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत? एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने फेकून दिल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत कळवले. सिस्टरना यात अहंकार दिसला. सिस्टरांच्या जागी उभे राहिले तर तसाच दिसेल. आज्ञापालनाला जिने जन्म वाहिला आहे तिला 'मी स्वतः वाचून ठरवीन' हे वाक्य दुसरे काय वाटणार? येथे एक बाई चूक आणि दुसरी बरोबर, असा सोपा निकाल लावता येत नाही. दोन ख्रिस्ती परंपरा एकमेकींसमोर उभ्या आहेत आणि दोघींचाही मान राखला जातो तो त्या मागे हटत नाहीत म्हणूनच.

रमाबाईंनी मठातून काही घेतले नाही असे मात्र नाही. लंडनमध्ये फुलम येथे 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालवलेले काम पाहून त्या हलल्या, असे त्यांनीच पुढे लिहिले आहे. शारदा सदनाच्या आणि केडगावच्या मुक्तीच्या मागे ते दर्शन आहे. त्यांनीही निवडून घेतले. फरक इतकाच की, काय नाकारत आहोत ते त्यांनी ज्यांच्याकडून घेतले त्यांच्या तोंडावर सांगितले.

आणि आमचे अभ्यासक्रम? त्यांत 'ख्रिस्ती मराठी साहित्य' नावाचे एक प्रकरण असते. त्यात १६१६ चे ख्रिस्तपुराण लिहिणारे जेझुइट स्टीफन्स, 'यमुनापर्यटन'कार बाबा पदमनजी, रेव्हरंड टिळक आणि फादर दिब्रिटो एकाच बाकावर शेजारी बसवलेले असतात. 'फादर' आणि 'रेव्हरंड' या दोन संबोधनांमध्ये चारशे वर्षांचे भांडण आहे, हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. स्टीफन्स ज्या इंग्लंडमधून आले तेथे मठ नुकतेच उद्ध्वस्त झाले होते आणि कॅथलिक असणे धोक्याचे होते. हे कळले तर ख्रिस्तपुराणाचा स्वर वेगळा ऐकू येईल. पंचहौद मिशनचे १८९० चे चहाप्रकरण आम्ही प्रायश्चित्ताच्या अंगाने रंगवून सांगतो. त्या मिशनात काम करणारे कौली फादर आणि वाँटेजच्या भगिनी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये राहून मठाची व्रते पाळणारे लोक होते, याची दखल घ्यावीशी वाटत नाही. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, त्याला 'भारतीय संन्यासाचा ख्रिस्ती अवतार' म्हटले की परीक्षेत गुण मिळतात. लक्ष्मीबाईंच्या संसारासह घेतलेला हा संन्यास मठाच्या व्रतात बसत नाही आणि मिशनच्या चौकटीतही बसत नाही, ही त्यातली खरी अडचण उत्तरपत्रिकेत येत नाही. टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी त्याच्या आदल्याच वर्षी 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला होता, हा योगायोग नव्हे.

तो संघ पुढे पुण्यात आला आणि ओसरला. १९७२ मध्ये त्याच पुण्यातल्या आश्रमात दोन संघांच्या भगिनी एकत्र राहू लागल्या: एक वाँटेजचा अँग्लिकन संघ, तोच, रमाबाईंशी भांडलेला, दुसरा 'सेक्रेड हार्ट'चा कॅथलिक संघ. सारा ग्रँट या कॅथलिक भगिनी पुढे तेथील आचार्या झाल्या. शांकरवेदान्ताचा त्यांचा अभ्यास गाढा होता. पाहुणे म्हणून नव्हे, आपापल्या संघाच्या व्रतांसह या बायका एका छपराखाली आल्या. पुण्यातल्या किती मराठी विभागांनी त्या आश्रमाची पायरी चढली, हे विचारण्याचे धाडस आम्ही करत नाही. रमाबाईंच्या पत्रांचे ते १९७७ चे पुस्तक आमच्यापैकी किती ग्रंथालयांतून शेवटचे केव्हा बाहेर पडले, ते तारखेच्या चिठ्ठीवर पाहता येईल.