प्रीलिम्सलाच अडकलेल्यांचं काय?

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी 'तयारी करतोय'वाला असणारच. कसली तयारी, हे विचारावं लागत नाही. आमच्या घरात तो मान माझ्या मामेभावाकडे आहे. वय २६, इंजिनीअर, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो आणि सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन जागा पकडतो. २०२५च्या गणपतीत तो घरी आला होता. मामाने नुकतीच 'मन की बात' ऐकलेली. जेवताना मोठ्या उत्साहाने म्हणाला, "अरे, ते प्रतिभा सेतू काय आहे, त्यात तुझं नाव लागेल ना?" दादा हसला. "पप्पा, त्या सेतूपर्यंत पोचायलाच मला अजून दोन नद्या पोहून जायच्यात."

मामाला ते कळलं नाही, आणि खरं तर मलाही. म्हणून मग वाचायला बसले.

प्रतिभा सेतू हे यूपीएससीचं पोर्टल. नागरी सेवा परीक्षेत पूर्व, मुख्य आणि मुलाखत असे तीन टप्पे. जे मुलाखतीपर्यंत पोचले पण अंतिम यादीत आले नाहीत, त्यांची माहिती, त्यांची संमती असेल तर, या पोर्टलवर ठेवली जाते. सरकारी आणि खासगी कंपन्या तिथे नोंदणी करून शिक्षण, विषय बघून उमेदवार शोधू शकतात. वन सेवा, इंजिनीअरिंग सेवा, सीडीएस अशा इतर परीक्षांमधले उमेदवारही त्यात आहेत. सगळे मिळून दहा हजारांच्या वर.

कल्पना अगदी नवी नाही. २०१८पासून आयोग अशा उमेदवारांचे गुण वेबसाइटवर जाहीर करत होताच. पण यादी टाकून दिली की कुठला एचआर ती उघडून बसणार? आता कंपनीला लॉगिन मिळतं, शोधायची सोय मिळते. नोकरीची हमी नाही, पण ही सुधारणा खरी आहे, तिची टिंगल करायचं कारण नाही. २९ वर्षांच्या मुलीला 'ही चार वर्षं काय करत होतात?' असं विचारलं जातं, तेव्हा तिच्याकडे दाखवायला काहीतरी अधिकृत असतं. त्या प्रश्नासमोर एरवी सगळेच गप्प होतात.

पण आता जरा आकडे बघा. २०२४च्या नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज भरले. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला बसले ५,८३,२१३. मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले १४,६२७. मुलाखतीला गेले २,८४५ आणि निवड झाली १,००९ जणांची. म्हणजे सेतूवर चढायला पात्र किती? १,८३६. पूर्वपरीक्षेला बसलेल्या दर हजारात तीन. आणि पूर्वपरीक्षेतच बाहेर पडले साडेपाच लाखांहून जास्त. त्यांच्यासाठी पोर्टल नाही, प्रमाणपत्र नाही, 'मन की बात' नाही. दादा त्यांच्यातला एक.

मला विचाराल तर या साडेपाच लाखांसाठी सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वेगळाच आहे आणि त्याची बातमी बऱ्याच जणांनी स्क्रोल करून सोडून दिली. २०२५मध्ये यूपीएससीने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन सांगितलं, की यापुढे पूर्वपरीक्षा झाल्यावर तात्पुरती उत्तरतालिका जाहीर करू आणि उमेदवारांच्या हरकती मागवू.

एमपीएससी करणाऱ्यांना यात काय विशेष, असं वाटेल. तिथे पहिली उत्तरतालिका, हरकती, दुसरी उत्तरतालिका हे सगळं वर्षानुवर्षं चालू आहे. यूपीएससीत मात्र मुलाखती संपून अंतिम निकाल लागेपर्यंत उत्तरतालिका नाही, गुण नाहीत आणि कटऑफही नाही.

याने काय होतं, ते दादाच्या उदाहरणातून सांगते. १६ जून २०२४ला त्याने पूर्वपरीक्षा दिली. संध्याकाळपासून क्लासवाल्यांच्या 'आन्सर की' यायला लागल्या. सामान्य अध्ययनाच्या पेपरात एका क्लासच्या हिशोबाने त्याला ९१ मार्क, दुसऱ्याच्या हिशोबाने ८४. दुसरा पेपर सीसॅटचा. त्यात फक्त पास व्हायचं असतं, २००पैकी ६६.६७ मिळाले की झालं. पण उताऱ्यांवरच्या प्रश्नांना प्रत्येक क्लासचं उत्तर वेगळं. दादाने सगळ्यांची सरासरी काढली आणि 'सीसॅट निघतंय' असं ठरवून टाकलं. निकालात नाव नव्हतं. म्हणजे सामान्य अध्ययन कच्चं, असा त्याने अर्थ लावला. मामाकडून पैसे घेतले, नवी बॅच लावली, नवी टेस्ट सिरीज घेतली, दहा महिने इतिहास आणि पॉलिटी घासली.

अंतिम निकाल लागला २२ एप्रिल २०२५ला. गुण त्यानंतर. सामान्य अध्ययनाचा कटऑफ ८७.९८ होता आणि दादा त्याच्या वर होता. तो अडकला होता सीसॅटमध्ये. पुढची पूर्वपरीक्षा २५ मेला. हातात जेमतेम महिना. गणित सुधारायला तो पुरला नाही, हे वेगळं सांगायला नको.

दहा महिन्यांचं भाडं, मेस, फी असं सगळं चुकीच्या पेपरवर गेलं. यात त्याची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. सीसॅटकडे दुर्लक्ष करणारे खूप आहेत, तोही त्यातला. पण त्याला चूक कळायला दहा महिने का लागावेत?

आयोगाची बाजू अशी, की प्रक्रिया चालू असताना माहिती बाहेर काढली तर वाद वाढतील, परीक्षा लांबेल. गुण जाहीर करण्याच्या वादात २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचं म्हणणं उचलूनही धरलं होतं. ही भीती अगदीच खोटी नाही. आपल्याकडे राज्यसेवेचे निकाल एकेका प्रश्नावरून कोर्टात गेलेले आपण पाहिलेत. म्हणूनच आयोगाने हरकतीसाठी तीन अधिकृत संदर्भ देण्याची अट घातली आहे, आणि ती मला योग्य वाटते. 'सरांनी असं शिकवलं होतं' एवढ्यावर हरकत घेता येणार नाही.

तरी निर्णय अर्धाच आहे. अंतिम उत्तरतालिका अजूनही अंतिम निकालानंतरच येणार, गुण आणि कटऑफही तेव्हाच. जो पूर्वपरीक्षेत बाद झाला, त्याच्यासाठी ती प्रक्रिया त्याच दिवशी संपलेली असते. त्याचे गुण दडवून कोणाचा फायदा होतो? पुढच्या वर्षीची बॅच विकणाऱ्याचा होतो, एवढं नक्की.

क्लासचा विषय निघालाच आहे तर अजून एक बदल. अप्पा बळवंत चौकातून जाताना एकाच टॉपरचा फोटो चार-चार फ्लेक्सवर तुम्हीही पाहिला असेल. १३ नोव्हेंबर २०२४ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. निवड झाल्यानंतर उमेदवाराची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचा फोटो वापरायचा नाही आणि त्याने नेमका कुठला कोर्स केला होता ते जाहिरातीत सांगायचं. टॉपर अनेकदा फक्त मॉक इंटरव्ह्यूला आलेला असतो आणि तुम्हाला विकला जातो लाखाचा फाउंडेशन कोर्स. काही क्लासना दंडही झालाय. फ्लेक्सवरची बारीक अक्षरं आता तरी वाचा.

पैशांच्या मदतीचं चित्र राज्याराज्यांत वेगळं आहे. तेलंगणाने २०२४मध्ये पूर्वपरीक्षा पास झालेल्यांना एक लाख रुपये द्यायला सुरुवात केली. तमिळनाडू परीक्षा घेऊन हजार जण निवडतं आणि दहा महिने दरमहा साडेसात हजार देतं, तेही पूर्वपरीक्षेच्या आधी. आपल्याकडे बार्टी, सारथी, महाज्योती कोचिंगसाठी विद्यावेतन देतात आणि ते वेळेवर मिळावं म्हणून मुलांना आंदोलनंही करावी लागलीत. पण आत शिरायला मदत करणाऱ्या योजना आहेत, टोकाला पोचलेल्यांसाठी आता सेतू आहे. मध्येच थांबून 'आता बास, दुसरं काही करू' म्हणणाऱ्याला हात देणारं मला यात काही सापडलं नाही. खुल्या गटाला ३२ वर्षांपर्यंत सहा अटेम्प्ट मिळतात. यातला कितवा शेवटचा, हे ठरवायला निदान स्वतःचे मार्क तरी वेळेत हवेत ना?

पुढची पूर्वपरीक्षा २४ मे २०२६ला आहे. दादा बसणार आहे. यावेळी त्याने मामाला सांगून ठेवलंय, की आयोगाची तात्पुरती उत्तरतालिका आली की स्वतःचा हिशोब मांडणार आणि आकडा फारच कमी निघाला तर जूनमध्येच नोकरीसाठी अर्ज टाकणार. मामा यावर काही बोलला नाही, पण मामीने त्या दिवशी त्याच्या आवडीची भाजी केली.

तुम्ही बसणार असाल तर एवढं करा. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका घरी आणता येते. उत्तरपत्रिकेत भरलेला प्रत्येक पर्याय तिच्यावरही खूण करून ठेवा, सीसॅटचासुद्धा. आणि अकरावी-बारावीची एनसीईआरटी रद्दीत देऊ नका, हरकत घ्यायची वेळ आली तर तीन संदर्भांतला पहिला तिथेच सापडेल.