वाचून दाखविले, समजावून दिले

निमाडातील कुक्षी हे कापसाच्या व्यापाराचे गाव. येथील न्यायालयात वकिली करणाऱ्याच्या हाती जे जुने दस्तऐवज येतात, त्यांतील पुष्कळांच्या अखेरीस, अंगठ्याच्या ठशाशेजारी, एक ओळ आढळते : मजकूर वाचून दाखविला, समजावून दिला, कबूल केला. दस्त लिहून देणारा निरक्षर असला, किंवा पूर्वीच्या भाषेत पडदानशीन स्त्री असली, तर ही ओळ कागदावर नुसती असून भागत नाही. ती खरी होती, हे त्या दस्ताचा फायदा घेऊ पाहणाऱ्याने शाबीत करावे लागते. प्रिव्ही कौन्सिलच्या काळापासून चालत आलेला हा दंडक आहे. अंगठा खरा ठरला म्हणून दस्त खरा ठरत नाही. अंगठ्याबरोबर मनही तेथे हजर असावे लागते.

ही ओळ आज आठवण्याचे कारण असे की, काही महिन्यांपूर्वी एका देवस्थानाच्या विश्वस्तांनी मला सल्ल्यासाठी बोलाविले. एका तरुण, हुशार आणि मनाने निर्मळ अशा गृहस्थाने त्यांच्यापुढे योजना मांडली होती : देणग्यांचा हिशेब यापुढे ‘ब्लॉकचेन’वर ठेवावा, आणि शिलकेचा काही अंश कूटचलनात गुंतवावा. सोबत वर्तमानपत्रांतील कात्रणांची चळत होती. प्रत्येक कात्रणात कोठल्या ना कोठल्या विद्यापीठाचे नाव, आणि ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ ही शब्दयोजना. साऱ्याचे तात्पर्य एका वाक्यात दिलेले होते : या पद्धतीत कोणावरही विश्वास ठेवण्याची आवश्यकता उरत नाही. विश्वस्तांच्या सभेत हे वाक्य मोठ्याने वाचले गेले आणि कोणीही हसले नाही, याचे मला अजून नवल वाटते.

(जाता जाता एक गोष्ट. आमच्या प्रांतातील न्यायालयांची भाषा हिंदी. त्या कायदेशीर हिंदीत बनावट दस्त करण्याच्या गुन्ह्यास ‘कूटरचना’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रांनी या नव्या चलनास ‘कूटचलन’ हे नाव दिले तेव्हा त्यांच्या मनात सांकेतिक लिपी होती, हे मी जाणतो. तरी आरोपपत्रे वाचून वाचून बनलेला आमचा कान वेगळेच ऐकतो, त्याला इलाज नाही.)

माझा वाद संशोधनाशी नाही. संशोधनाच्या नावावर जे विकले जाते त्याच्याशी आहे. ब्लॉकचेन म्हणजे अशी वही की, जिच्या प्रत्येक पानावर मागील पानाचा गणिती ठसा असतो आणि जिच्या प्रती अनेकांच्या हाती असतात. मागचे एक अक्षर बदलले तरी पुढचे सारे ठसे चुकतात आणि लबाडी उघडी पडते. कल्पना सुंदर आहे. तिचे मूळ स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन अमेरिकन संशोधकांच्या १९९१ च्या निबंधात सापडते. संगणकावरील दस्तावर तारखेचा शिक्का असा कसा मारावा की तो मागाहून बदलता येऊ नये, हा त्यांचा प्रश्न. आम्हा वकिलांच्या अगदी जिव्हाळ्याचा! पुढे १९९५ पासून त्यांच्या कंपनीने दर आठवड्यास आपल्या वहीचा ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापावयास प्रारंभ केला. म्हणजे गणित बिनचूक असूनही त्यांस साक्षीदार हवाच होता, आणि तोही असा की, ज्याच्या जुन्या प्रती गावोगावच्या ग्रंथालयांत पडून आहेत. साक्षीदाराचे महत्त्व त्या दोघांना कळले होते. कात्रणे जमविणाऱ्यांस ते कळलेले दिसत नाही.

त्याही आधी, १९८३ मध्ये, केन टॉम्प्सन या संगणकशास्त्रज्ञाने ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना जे व्याख्यान दिले, त्याचा सारांश असा की, जी आज्ञावली तुम्ही स्वतः सर्वस्वी लिहिलेली नाही तिच्यावर पूर्ण भरवसा टाकता येत नाही. अखेर प्रश्न ती लिहिणाऱ्या माणसांवरील विश्वासाचाच असतो. आणि २०२१ मध्ये इगोर मकारोव व अँटोइनेट शोअर या अर्थशास्त्रज्ञांनी बिटकॉइनची वहीच तपासून दाखविले की, त्या काळी चलनात असलेल्या बिटकॉइनपैकी सुमारे तृतीयांश अवघ्या दहा हजार व्यक्तींच्या हाती होते, आणि नवी पाने लिहिण्याच्या एकूण शक्तीपैकी जवळजवळ निम्मी शक्ती शेकडा ०.१ इतक्याच लेखनिकांकडे एकवटली होती. जिला मालक नाही म्हणून वाजविले जाते त्या वहीच्या मालकांची ही मोजदाद. त्या चळतीत यांतील एकाही निबंधाचे नाव मला आढळले नाही. भाव चढला की बातमी, भाव पडला की बातमी; मध्ये विद्यापीठाचे नाव देवळाच्या कळसासारखे, दुरून दिसण्यापुरते!

आता अंगठ्याकडे येतो. जुलै २०२४ मधील दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. १४ जुलै रोजी पुरीच्या जगन्नाथ मंदिराचे रत्नभांडार कित्येक दशकांनंतर उघडण्यात आले. आतल्या दालनाच्या मूळ किल्ल्यांचा पत्ता नव्हता हे २०१८ मध्येच बाहेर आले होते. हाती असलेल्या किल्ल्यांनी कुलुपे उघडेनात, म्हणून ती दंडाधिकाऱ्यांसमक्ष कापावी लागली. देवस्थानाच्या कारभाराची ती शोभा खचितच नव्हे. परंतु किल्ली हरवली हे लोकांस कळले, त्यावर वर्षानुवर्षे ओरड झाली, चौकशी बसली, आणि अखेर कुलूप तुटले ते पंचांच्या डोळ्यांदेखत.

त्यानंतर चौथ्या दिवशी, १८ जुलै रोजी, मुंबईच्या ‘वझीरएक्स’ या कूटचलनाच्या बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या घरातील ठेव, नाहीशी झाली. तेथे एकही कुलूप तुटले नाही. त्या तिजोरीस सहा किल्लेदार होते, पाच बाजाराचे आणि एक रखवाल करणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा. बाजाराच्या तिघांनी आणि रखवालदाराने सही केल्याखेरीज पैसा हलू नये अशी व्यवस्था होती. सह्या झाल्या, साऱ्या अस्सल झाल्या. कंपनीचे म्हणणे असे की, पडद्यावर दिसत होता एक व्यवहार आणि सह्या घेतल्या गेल्या दुसऱ्याच मजकुरावर. दोष कोणाच्या यंत्रणेचा यावरून दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखविले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया या तीन राष्ट्रांनी संयुक्त निवेदनाद्वारे ही चोरी उत्तर कोरियाच्या माथी मारली. लगेच पुढच्या महिन्यात ‘बायबिट’ या परदेशी बाजारातून याच धाटणीने सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. सही करणारे सारे तरबेज आणि सुशिक्षित; पण त्या क्षणी, त्या पडद्यापुढे, ते निरक्षर होते. वाचून दाखविणारा खोटे वाचत होता, आणि मजकूर स्वतः वाचण्याची सोय त्यांस नव्हती. कोऱ्या कागदावर अंगठा याहून निराळा काय असतो?

आमच्याकडे कोऱ्या कागदावर अंगठा देणाऱ्यास कायद्याने दार उघडे ठेवले आहे. दिवाणी न्यायालयात जाऊन तो म्हणू शकतो की, हा मजकूर माझा नव्हे. त्या वहीत असे दार नाही. तेथे जे एकदा लिहिले ते लिहिले, आणि हेच तिचे मोठे भूषण म्हणून सांगितले जाते. न पुसली जाणारी शाई सत्याची नोंद ठेवते तशीच फसवणुकीचीही ठेवते, इतकाच त्याचा अर्थ.

गेलेल्या पैशाचे पुढे काय झाले तेही विश्वस्तांनी ऐकावे. मुंबईच्या बाजारात पैसे ठेवणाऱ्या लक्षावधी भारतीयांना असे आढळले की, आपली दाद सिंगापूरच्या उच्च न्यायालयात आहे. तेथे भरपाईची योजना मंजूर होऊन व्यवहार पुन्हा सुरू होण्यास ऑक्टोबर २०२५ उजाडला. त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने एका ग्राहकाच्या अर्जावर निर्णय देताना म्हटले की, कूटचलन ही मालमत्ता आहे आणि ती विश्वस्त म्हणून धारण करता येते. ज्या वस्तूचा डंका ‘विश्वासाची गरज नाही’ म्हणून पिटला गेला, तिला बुडताना जो हात मिळाला तो विश्वस्ताच्या जुन्या कायद्याचा.

पुण्याचे उदाहरण याहून कडू आहे. ‘गेनबिटकॉइन’ या नावाच्या फसवणुकीचा तपास पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये हाती घेतला, तेव्हा जप्त केलेल्या खात्यांतील चलनाचा माग काढण्यासाठी त्यांनी दोघा तज्ज्ञांचे साहाय्य घेतले. मार्च २०२२ मध्ये त्याच दोघांना अटक झाली. आरोप असा की, आरोपींच्या खात्यांतील चलन त्यांनी परस्पर वळविले, आणि पोलिसांना दाखविलेल्या पडद्याच्या छायाचित्रांत शिल्लक कमी दिसेल असा फेरफार केला. हा आरोप आहे, निवाडा नव्हे. म्हणून त्यांची नावे मी घेत नाही. परंतु त्याचे स्वरूप पाहण्याजोगे आहे. मूळ वही कोणासही वाचावयास खुली होती, आणि तपास करणाऱ्यांच्या हाती आली ती तिची छायाचित्रे. कारण ती वही वाचण्याची विद्या त्या कचेरीत त्या दोघांनाच होती.

यावर तो तरुण मला म्हणाला, “वकीलसाहेब, कागदी नोटांचे काय कमी गैरव्यवहार होतात? आपल्या देवासलाच पाहा की!” म्हणणे रास्त होते. देवासच्या नोटांच्या छापखान्यात जानेवारी २०१८ मध्ये एका अधिकाऱ्यास पायताणात नोटा दडवून नेताना पकडले, आणि त्याच्याकडे सुमारे ९० लाखांच्या नोटा मिळाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकयंत्रणेत शिरून चोरट्यांनी दोन दिवसांच्या व्यवहारांत ९४ कोटींहून अधिक रक्कम लांबविली. म्हणून जुनी तिजोरी अभेद्य आहे असे मी म्हणत नाही. पण देवासला दाराशी झडती घेणारा जवान होता. कॉसमॉस बँकेच्या ठेवीदारांच्या खात्यांतून पैसा गेला नाही, तो बँकेने सोसला. आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयात अकरा जणांना शिक्षा झाली. तेथे झडती घेणारा कोणी होता, तोटा सोसणारा कोणी होता, आणि पिंजऱ्यात उभे करता येईल असाही कोणी होता. तरुणाच्या योजनेत या तिघांची जागा कोठे आहे, एवढेच मी विचारले.

या विद्येचा रास्त उपयोग नाहीच असे नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रे या पद्धतीने नोंदविण्याचे काम हाती घेतले गेले. दिलेल्या दाखल्यात मागाहून कोणी खाडाखोड करू नये यासाठी हे उत्तमच. मात्र दाखला मुळात खऱ्या माणसास दिला की खोट्या, हे ठरविण्याचे काम १९९४ च्या माधुरी पाटील निकालापासून पडताळणी समितीकडे आहे आणि तिच्याचकडे राहणार. वही तेवढी साक्ष देत नाही. देणग्यांच्या पावत्यांना असा ठसा कोणी मारून देत असेल, तर विश्वस्तांनी तो खुशाल घ्यावा. दानपेटी पंचांसमक्ष उघडण्याचा वार मात्र चुकवू नये. पेटीतून पावतीपुस्तकापर्यंत जाताना जे गळते त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नसते.

गुंतवणुकीच्या बाबतीत माझे मत इतके सौम्य नाही. मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, हे १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने प्रमथनाथ मल्लिक यांच्या खटल्यात सांगितले. पण ती स्वतः व्यवहार पाहू शकत नाही. म्हणजे जिला वाचून दाखवावे लागते अशी ती सर्वांत मोठी पक्षकार. आणि तिच्या वतीने वाचणारे आपण. विश्वस्ताने आपले काम परस्पर दुसऱ्यावर सोपवू नये असे १८८२ च्या न्यास कायद्याचे ४७ वे कलम म्हणते. तो कायदा सार्वजनिक देवस्थानांस थेट लागू नसला तरी तत्त्व तेच आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या ३५ व्या कलमाने न्यासाचा पैसा कोठे ठेवावा हे आखून दिले आहे, आणि गोव्यातील महाजनांच्या देवस्थानांस १९३३ ची नियमावली आहे. या सगळ्याचे सार माझ्या मते एवढेच निघते की, जे आपणास वाचता येत नाही त्यावर देवाच्या वतीने अंगठा देण्याचा अधिकार आपणास नाही. सरकार या चलनाच्या नफ्यावर २०२२ पासून शेकडा ३० कर घेते म्हणून ते सुरक्षित झाले, असेही कोणी समजू नये. कर घेणे निराळे आणि हमी देणे निराळे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचे निर्बंध रद्द केले, तेव्हाही त्या चलनास कोणी हमी दिली नव्हती.

सभेच्या शेवटी मी ठरावात एक अट घालावयास लावली. योजना मांडणाऱ्याने पुढील सभेत, उत्सवाला जमणाऱ्या मंडळींसमोर, साध्या मराठीत किंवा निमाडीत वाचून दाखवावे : किल्ल्या कोणाकोणाच्या हाती राहतील, ते पडद्यावर काय पाहून सही करतील, पडदा खोटा नाही हे त्यांस कसे कळेल, आणि पैसा गेल्यास दावा कोणावर व कोणत्या गावच्या न्यायालयात लावावा. तरुणाने ते मोकळ्या मनाने मान्य केले आणि कात्रणांची चळत माझ्याकडेच ठेवली. सभा एकदा पुढे ढकलली गेली आहे. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे त्याने लिहून आणली होती. चौथ्याच्या पुढील जागा कोरी होती.