मागच्या बाकाखालचं रबर

नांदेड-लातूर रस्ता, म्हणजे ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, आता बराच सुधारला. पण लोहा किंवा अहमदपूरजवळ तो सोडून वाड्या-तांड्यांकडे वळलं की खाली काळी माती. पावसात ती फुगते, उन्हात आक्रसते आणि वरचं डांबर लाटांसारखं होतं. अशा रस्त्यांवर महिंद्राच्या जुन्या मेजर, कमांडर जीपा अजून माणसं वाहतात. (ही कंपनी १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ म्हणून सुरू झाली, १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. उर्दूच्या तासाला हे सांगितलं की पेंगणारी मुलंही जागी होतात.)

जीपच्या चासीला, ॲक्सलच्या बरोबर वर, एक रबरी ठोकळा असतो: बंप स्टॉपर. खड्ड्यात कमानपाटे पूर्ण दबले तरी ॲक्सल चासीवर आपटू नये, एवढंच त्याचं काम. वर्षानुवर्षांनी रबर कडक होतं, तडकतं, तुकड्यांनी गळून पडतं. गाडी मात्र चालूच राहते, म्हणून कुणी वाकून पाहत नाही. मग लोखंडावर लोखंड आदळतं. पाट्याचं पान तुटतं, चासीला तडा जातो.

आणि दणका कुणाला बसतो? मालक पुढे असतो. मागच्या आडव्या बाकांवर, चाकाच्या वर, बायका, म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. सवारी म्हणजे अमानत, असं आपण म्हणतो. मग सीट कव्हर आणि टेपच्या आधी हे रबर यायला हवं. ते गाडीतल्या स्वस्तातल्या वस्तूंपैकी एक आहे.

आपल्याकडे यावर पाट्यात जास्तीचं पान घालतात. ओझं उचललं जातं, पण रिकामी गाडी उडते आणि रबर तुटकंच राहतं. टायर कापून ठोकलेला तुकडाही मला पटत नाही. उंची जास्त झाली तर गाडी सारखी आपटते, कमी झाली तर लोखंड पुन्हा भिडतं. मापाचंच घ्यावं.

बदलताना जॅक चासीला लावा, स्टँड द्या, ॲक्सल लटकू द्या. ब्रेकच्या नळीला ताण येत नाही ना, तेवढं बघा. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री तेल सोडा. दोन्ही बाजूंची रबरं एकदम बदला. नवं रबरही महिनाभरात चिरडलं, तर दोष बसलेल्या पाट्यांत किंवा थकलेल्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये असतो. तो मिस्त्रीला शोधू द्या, आणि नुसतं पाहण्याचीही मजुरी द्या.